तंट्या भिल्लाचा पहिला तुरुंग

तंट्या भिल्लाविषयी, निमाडात इंग्रजांना अकरा वर्षे न सापडलेल्या त्या बंडखोराविषयी, बोलायचे म्हटले की आपण फाशीपासून सुरुवात करतो. जबलपूर, ४ डिसेंबर १८८९. मग इंदूरजवळचे पाताळपाणी, रुळांच्या कडेला टाकलेला देह, तिथले देऊळ आणि त्या वळणावर त्याच्या मानाने थांबणारी आगगाडी. हे सगळे सांगायलाच हवे. पण तंट्या समजून घ्यायचा तर फाशीच्याही पंधरा वर्षे मागे, त्याच्या पहिल्या तुरुंगवासापाशी जायला हवे. त्याच्या आयुष्यातला हा भाग आपण दोन ओळींत उरकतो, आणि आजच्या आपल्या कायद्यांशी थेट नाते आहे ते नेमके याच भागाचे.

१८७४ च्या सुमारास मध्य प्रांतातल्या निमाड जिल्ह्यात तंट्याला पकडले आणि तो वर्षभर तुरुंगात राहिला. तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती. आरोप खुनाचा नव्हता, दरोड्याचा नव्हता. आरोप होता ‘वाईट उपजीविके’चा. म्हणजे हा माणूस कशावर जगतो ते सरकारला नीट कळत नाही, आणि तो ज्यावर जगत असेल ते चांगले नसणार.

१८७२ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत यासाठी तरतूद होती. ज्याला पोटापाण्याचे उघड साधन दाखवता येत नाही, स्वतःविषयी समाधानकारक खुलासा करता येत नाही, किंवा चोर-लुटारू म्हणून ज्याचा बोभाटा आहे, त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे, चांगल्या वर्तणुकीबद्दल जामीन मागायचा आणि जामीन देता आला नाही तर तुरुंगात टाकायचे. कुणाचे काय गेले, कधी गेले, कुणी पाहिले, हे प्रश्न इथे उपस्थितच होत नाहीत. माणसाने काय केले याची चौकशी नसते, तो कोण आहे याची असते. आणि ‘कोण आहे’ हे ठरवणारे त्याच्या गावातले वजनदार लोक असतात.

हे त्या काळच्या निमाडात ठेवून पाहिले म्हणजे त्यातला अन्याय उलगडतो. १८६० च्या दशकात निमाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि इंग्रजी पद्धतीची जमाबंदी आली. मध्य प्रांतातल्या या व्यवस्थेने गावचा सारा भरणाऱ्या पाटलांना आणि मक्तेदारांना मालगुजार करून जमिनीची मालकी दिली. जमीन विकता येऊ लागली, गहाण पडू लागली, कोर्टाच्या हुकमाने हातची जाऊ लागली. १८७० मध्ये मुंबई-जबलपूर रेल्वे पुरी झाली, खंडव्याच्या बाजारात कापूस आणि सावकारी दोन्ही वाढली. जंगलाचा पहिला कायदा १८६५ चा, दुसरा आणि जास्त कडक १८७८ चा. ज्या रानात भिल्ल झाडे तोडून, राब जाळून पेरत होता, मोहफुले, डिंक आणि मध गोळा करत होता, शिकार करत होता, ते रान सरकारचे झाले. वाटांची आणि गावांची राखण करून जे हक्क मिळायचे तेही नव्या पोलीस व्यवस्थेत आटत गेले.

म्हणजे भिल्लाचे जगण्याचे एकेक साधन आधी कायद्याने बेकायदा केले, आणि मग त्याच कायद्याने त्याला विचारले, तुझ्या उपजीविकेचे उघड साधन कोणते ते दाखव. या प्रश्नाला तंट्याकडे उत्तर असणार कुठून? मोहफुले वेचणे ही उपजीविका मॅजिस्ट्रेटच्या वहीत कुठल्या रकान्यात बसते?

निमाडात सांगतात की पोखर गावच्या पाटलाशी तंट्याच्या घराचे जमिनीवरून वाकडे होते, वडिलोपार्जित वाटा मागायला गेला तो हाकलला गेला आणि तिथून सगळे बिनसले. या गोष्टीची अनेक रूपे आहेत. पण तिच्या मागची रचना मात्र पक्की होती. गावात संशयित कोण, कुणाची चालचलणूक कशी, कोण रात्री घरी नसतो, हे पोलिसांना कळवण्याची जबाबदारी पाटलावर, मालगुजारावर होती. ज्याच्याशी जमिनीचा वाद, तोच तुमच्या चारित्र्याचा साक्षीदार. त्याने ‘हा वाईट माणूस आहे’ म्हटले की वेगळ्या पुराव्याची फारशी गरज उरत नसे. आणि जामीन राहायला ऐपतदार माणूस लागणार. गावात ऐपत कुणाकडे? पुन्हा त्याच पाटलाकडे आणि सावकाराकडे. ही गाठ इतकी घट्ट होती की तंट्याच्या जागी दुसरा कुणी भूमिहीन भिल्ल असता तरी तो तुरुंगातच पोहोचला असता.

वर्षभराने तो सुटला, पण त्याचे नाव सुटले नाही. एकदा वहीत नाव चढले की पंचक्रोशीत कुठेही चोरी झाली तरी पहिली धाड त्याच घरावर. पुढे चोरीचे, माणसे पळवून नेल्याचे आरोप आले. १८७८ मध्ये पुन्हा अटक झाली, खंडव्याच्या तुरुंगात ठेवले, आणि तिसऱ्या दिवशी तो पळाला. त्यानंतर अकरा वर्षे तो हाती लागला नाही. नर्मदा आणि तापी यांच्यामधल्या सातपुड्याच्या रांगांत, निमाडपासून होशंगाबाद-बैतूलपर्यंत, इकडे वऱ्हाड-खानदेशाच्या हद्दीपर्यंत आणि होळकरांच्या मुलखात त्याचा वावर होता. एका बाजूला इंग्रजी अंमल, दुसऱ्या बाजूला इंदूर संस्थान, आणि या दोन सत्तांची हद्द डोंगरातून जाणारी. ती हद्द त्याने पुरेपूर वापरली.

अकरा वर्षे एक माणूस लपून राहू शकतो तो त्याच्या चपळाईमुळे नव्हे. रोज कुणीतरी भाकर द्यावी लागते, कुणीतरी वाट दाखवावी लागते, आणि शिपाई विचारायला आले की शेकडो लोकांना ‘पाहिले नाही’ म्हणावे लागते. तेही बक्षिसाची लालूच आणि मारहाणीची भीती असताना. त्याने सावकारांची घरे फोडली, धान्य वाटले, गरिबांच्या पोरींची लग्ने लावून दिली असे सांगतात. मामा हे नाव त्यातूनच आले म्हणतात. प्रत्येक गोष्टीचा कागद दाखवता येणार नाही, पण अकरा वर्षांचे ते मौन हाच मोठा कागद आहे. ज्याच्यासाठी इतकी गावे गप्प राहतात तो त्यांच्या दृष्टीने चोर नसतो. १० नोव्हेंबर १८८९ च्या न्यूयॉर्क टाइम्सने त्याला हिंदुस्थानचा रॉबिन हूड म्हटले, ते या ख्यातीमुळेच. आपल्याकडे मात्र परदेशी वर्तमानपत्राचा हा दाखला इतका मिरवला जातो की ज्यांनी त्याला अकरा वर्षे जपले त्यांची साक्ष मागे पडते.

शेवट दग्याचा. ऑगस्ट १८८९ मध्ये, राखीपौर्णिमेच्या सुमारास, मानलेल्या बहिणीच्या घरी त्याला बोलावले आणि धरले. माफी मिळेल असे आश्वासन पुढे केले होते. जबलपूरला नेऊन खटला चालवला, ऑक्टोबरात फाशीची शिक्षा झाली, डिसेंबरात ती अमलात आली. कायद्याचे यंत्र शेवटी किती वेगाने चालू शकते पाहा. जमिनीच्या वादात इतक्या वेगाने निकाल लागला असता तर?

आता मुद्द्याकडे येतो. आज तंट्या क्रांतिकारक आहे, जननायक आहे, क्रांतिसूर्य आहे. त्याचे पुतळे आहेत, खरगोनच्या विद्यापीठाला त्याचे नाव आहे, ४ डिसेंबरला पाताळपाणीला मंत्री येतात, हार पडतात. आपल्याकडे महाराष्ट्रातही उमाजी नाईकांच्या जयंतीला, राघोजी भांगरेंच्या स्मृतिदिनाला असेच होते. मला या सन्मानाचा आनंद आहे. ज्यांना इंग्रजी दफ्तराने लुटारू म्हणून नोंदवले त्यांची नोंद आपण बदलली, हे चांगलेच झाले. माझी तक्रार वेगळी आहे. ही नोंद बदलताना आपण त्यांच्या आयुष्यातून दरोडाच पुसून टाकतो. भाषणात तंट्या इंग्रजांशी लढतो, देशासाठी लढतो. सावकाराचे घर फोडतो, फितुराला जिवंत सोडत नाही, माणसे पळवून पैसे मागतो, हे कुणी सांगत नाही. त्याच्या हातून हिंसा झाली, आणि त्यात निरपराधही भरडले गेले असतील.

हे सांगितल्याने त्याचा मान कमी होतो असे ज्यांना वाटते, त्यांनी नकळत इंग्रजांचा निकष मान्य केलेला असतो. दरोडा म्हणजे दरोडा, मग तो कशामुळे घडला ते विचारायचे नाही, हाच तर तो निकष. तंट्याला ‘चोर नव्हताच तो’ म्हणून मोठे केले की उरलेल्या भिल्लांचे, रामोशांचे, पारध्यांचे काय? त्यांच्यातला जो कुणी भुकेपोटी चोरी करतो तो मग क्रांतिकारक नाही म्हणून नुसता चोर ठरतो, आणि जो चोरी करत नाही तोही ‘त्यांच्यातला’ म्हणून संशयित ठरतो. एकाला देवळात बसवायचे आणि बाकीच्यांना चौकीवर. तंट्याचा दरोडा दरोडा म्हणूनच वाचला, त्याच्यामागे गेलेली जमीन, बंद झालेले रान आणि विनागुन्ह्याचा तुरुंग दिसला, तर हा भेद टिकत नाही.

गुन्हा रक्तात असतो या समजुतीचा खोटेपणा इंग्रजांच्याच दफ्तरात सापडतो. १८१८ नंतर खानदेशातले भिल्ल त्यांना आवरत नव्हते. मोहिमा झाल्या, फाशा झाल्या, काही उपयोग झाला नाही. तेव्हा १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. ज्यांना लुटारू म्हणत होते त्यांनाच पगार दिला, भिल्ल एजन्सीमार्फत जमिनी, तगाई आणि जुने हक्क दिले. तेच लोक खानदेशच्या वाटा राखू लागले. उमाजी नाईकांनाही सरकारने काही काळ नोकरीत घेऊन बंदोबस्ताचे काम सोपवले होते, आणि नंतर १८३२ मध्ये पुण्याला फाशी दिले. याच उमाजींनी आपल्या पहिल्या तुरुंगवासात लिहिणे-वाचणे शिकून घेतले होते. पोटाची सोय झाली की शिपाई, सोय गेली की दरोडेखोर. रक्त तेच होते. १८२५ मध्ये इंग्रज अधिकाऱ्याला जे कळले ते १८७१ मध्ये त्याच सरकारला कळू नये, याला अज्ञान म्हणता येत नाही. १८५७ नंतरच्या सरकारला फिरत्या, हत्यारबंद, कुणाच्या जमिनीला न बांधलेल्या लोकांची भीती बसली होती, आणि भिल्ल पलटणीपेक्षा संशयाची वही स्वस्त पडत होती.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा या वहीचा सर्वात कुप्रसिद्ध अवतार. या देशात जातीने धंदा ठरतो, तसा गुन्हाही जातीनेच ठरतो, असा त्यामागचा युक्तिवाद होता. जमातच्या जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, नावे नोंदवायची, हजेरी घ्यायची, परवान्याशिवाय गाव सोडू द्यायचे नाही. आधी उत्तर हिंदुस्थानात, १९११ पासून सगळीकडे. मुंबई इलाख्यात सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभ्या राहिल्या, आतली माणसे गिरणीत कामाला जायची आणि हजेरीला परत कुंपणात. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा ही माणसे कुंपणातच होती. मुंबई राज्याने तो कायदा १९४९ मध्ये काढला, देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ ला संपला. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन.

पण इथे तंट्याचा पहिला तुरुंग पुन्हा आठवावा लागतो. तंट्याला गुन्हेगार जमाती कायद्याखाली पकडले नव्हते. १८७४ मध्ये तो कायदा निमाडला लागूही नव्हता. तंट्याला पकडले ते साध्या, सर्वांना लागू असलेल्या, जातीचा उल्लेखही नसलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. माझ्या लेखी त्याच्या आयुष्यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच. एखाद्या जमातीला गुन्हेगार ठरवायला वेगळा कायदा लागतच नाही. ‘संशयित’ आणि ‘सवयीचा गुन्हेगार’ एवढे दोन शब्द सामान्य कायद्यात असले, आणि ते लावण्याचा अधिकार योग्य हातांत असला, की काम भागते. त्यामुळे १९५२ मध्ये जमातींचा कायदा गेला तरी दुसरा रस्ता उघडाच राहिला.

तो अजून उघडा आहे. मुंबई राज्याने १९५९ मध्ये सवयीच्या गुन्हेगारांचा कायदा केला. इतर अनेक राज्यांतही असे कायदे झाले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० मध्ये ते रद्द करण्याची शिफारस केली, वंशभेद निर्मूलनाच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००७ मध्ये तेच सुचवले. आणि फौजदारी प्रक्रिया संहितेतली जामिनाची कलमे १८७२ पासून १८८२, १८९८, १९७३ अशी वाहत आली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहेत. कलम १२८ संशयितांसाठी, कलम १२९ सवयीच्या गुन्हेगारांसाठी. न्यायाने हेही सांगायला हवे की ‘उपजीविकेचे उघड साधन नाही’ एवढ्यावरून पकडण्याची तरतूद १९७३ मध्ये वगळली गेली. ती सुधारणा खरी आहे. पण सवयीच्या गुन्हेगाराचे कलम राहिले, आणि त्यात शेवटी एक मोकळे पोते आहे. जामिनाशिवाय मोकळा ठेवणे समाजाला धोक्याचे होईल इतका जो बेफाम आणि धोकादायक आहे, अशा कुणालाही त्यात टाकता येते.

हे सिद्ध कसे करायचे? कायदाच सांगतो: माणूस सवयीचा गुन्हेगार आहे किंवा असा धोकादायक आहे, हे त्याच्या सर्वसाधारण ख्यातीच्या पुराव्याने सिद्ध करता येईल. नव्या संहितेच्या कलम १३५ मध्ये हे आजही लिहिलेले आहे. सर्वसाधारण ख्याती म्हणजे लोक त्याच्याबद्दल काय म्हणतात ते. एखाद्या मराठा किंवा ब्राह्मण तरुणाच्या बाबतीत ही ख्याती त्याच्या वागण्यावरून बनते. पारध्याच्या पोराची ख्याती त्याच्या जन्माआधीच तयार असते. गावाच्या कडेला पाल पडले की ‘चोर आले’ म्हणणारे आपणच आहोत ना? मग ती ख्याती पुरावा म्हणून वापरायची, म्हणजे आपल्या पूर्वग्रहावर न्यायालयाचा शिक्का मारायचा. पोखरच्या पाटलाच्या जागी आता सारे गाव आले आहे.

महाराष्ट्रात पोलीस ठाण्याशी संबंध आलेल्या प्रत्येकाला ‘चॅप्टर केस’, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या जामिनाची ही कारवाई, माहीत आहे. सण आला, निवडणूक आली की रेकॉर्डवरच्यांना बोलवायचे, चॅप्टर भरायची, जामीनदार आणायला सांगायचे. हे प्रकरण न्यायाधीशापुढे चालत नाही. ते चालते कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे, आणि मोठ्या शहरांत तर ते अधिकार पोलीस अधिकाऱ्याकडेच असतात. म्हणजे पकडणारे पोलीस, ख्यातीची साक्ष पोलिसांची आणि निर्णयही त्याच खात्याच्या वरिष्ठाचा. जामीनदार ऐपतदार हवा, आणि तो लायक नाही म्हणून नाकारण्याचाही अधिकार त्यांनाच. ज्याच्याकडे सातबारा नाही, पगाराची पावती नाही, एका जागचा पत्ता नाही, त्याला जामीनदार मिळणार कुठून? जामीन दिला नाही तर तुरुंग, सत्र न्यायालयाच्या मंजुरीने तीन वर्षांपर्यंतही. त्यानंतर वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी येते, ‘सराईत गुन्हेगार जेरबंद’. त्या माणसाने कोणता गुन्हा केला ते बातमीत शोधून पाहा, अनेकदा सापडत नाही.

यावर पोलिसांचे म्हणणे मी हलके मानत नाही. वारंवार घरफोड्या करणाऱ्या टोळ्या असतात, त्यांच्यामुळे म्हाताऱ्याकोताऱ्यांची आयुष्यभराची पुंजी जाते, साक्षीदार पुढे येत नाहीत. अशा वेळी हाताशी काहीतरी हवे, हे खरे. पण जो खरोखर वारंवार गुन्हा करतो आणि ज्याच्यावर तो सिद्ध होतो, त्याच्यासाठी कायद्यात वेगळी सोय आहेच. आधीच्या दोषसिद्धीमुळे काही गुन्ह्यांत पुढची शिक्षा वाढते, जुन्या दंडसंहितेत ते कलम ७५ होते, नव्या न्याय संहितेत ते १३ आहे. तिथे आरोप असतो, पुरावा असतो, वकील असतो, अपील असते. म्हणजे सिद्ध झालेल्या सराईतासाठी जामिनाच्या कलमांची गरज नाही. ती कामाला येतात तिथे, जिथे काहीच सिद्ध करता येत नाही. आणि जिथे काही सिद्ध करता येत नाही तिथे माणूस निर्दोष असण्याची शक्यताही सर्वाधिक असते.

तुरुंगाच्या आतही हेच चालत आले. सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या तुरुंग नियमावल्या उघडून पाहिल्या. कुठे जातीवरून कामे वाटलेली, कुठे विमुक्त-भटक्या जमातींचा कैदी म्हणजे सवयीचा गुन्हेगारच असे गृहीत धरलेले. न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये याची काळजी घ्यायला पोलिसांना बजावले. स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षे उलटून गेल्यावर हे एका पत्रकाराला न्यायालयात जाऊन सांगावे लागले. आणि त्या निकालानंतरही सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे आपोआप गेले नाहीत. ते राज्यांनी काढायचे आहेत.

महाराष्ट्राने तो १९५९ चा कायदा रद्द करावा, यात मला दुमत दिसत नाही. विमुक्त जाती म्हणून नोंदलेल्या १४ समाजघटकांना आपण ३ टक्के आरक्षण देतो, आणि त्याच वेळी ज्या विचाराने त्यांना कुंपणात घातले त्याच विचाराचा कायदा पुस्तकात ठेवतो. पण नुसता तो कायदा काढून थांबलो तर १९५२ चीच चूक पुन्हा होईल. सर्वसाधारण ख्याती हा पुरावा म्हणून चालणार नाही, एवढी एक दुरुस्ती संसदेने केली तरी चॅप्टर केसचा निम्मा कणा मोडतो. जामिनाची प्रकरणे पोलीस अधिकाऱ्याकडून काढून न्यायिक दंडाधिकाऱ्याकडे द्यावीत. जामीनदार मिळत नाही म्हणून कुणाला तुरुंगात पाठवायचे असेल तर त्याला सरकारी खर्चाने वकील मिळाल्याशिवाय तो हुकूम निघू नये. वैयक्तिक हमीवर सोडण्याला प्राधान्य द्यावे. यातले एकही कलम गुन्हेगाराला मोकाट सोडत नाही. प्रत्येक कलम फक्त एवढेच मागते की माणसाला त्याने केलेल्या गोष्टीसाठी पकडा.

आणि जयंत्या-पुण्यतिथ्या साजऱ्या करणाऱ्या मंडळांना, समाजाच्या संघटनांना एक विनंती. पुढच्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून पोलीस अधीक्षक किंवा पालकमंत्री येणार असतील तर हाराआधी त्यांच्याकडून एक तक्ता मागून घ्या. गेल्या वर्षात आपल्या जिल्ह्यात किती जणांवर सवयीचा गुन्हेगार म्हणून जामिनाची कारवाई झाली, त्यातले किती जण जामीनदार न मिळाल्याने आत गेले, किती दिवस राहिले, त्यांतले विमुक्त, भटके आणि आदिवासी किती, आणि त्यातल्या किती जणांवर पुढे एखादा गुन्हा सिद्ध झाला. माहितीच्या अधिकारात हे मागता येते, विधानसभेत आमदाराला विचारता येते. एका जिल्ह्याचा तक्ता मिळाला की शेजारच्या जिल्ह्याचा मागायचा. १९५९ चा कायदा रद्द करण्याचा प्रस्ताव मांडणाऱ्या आमदाराच्या हातात हे तक्ते असले पाहिजेत.